रिकाम्या कुपीतला उंचवटा

तार्तूत फेब्रुवारी. नदी दगड झालेली,
आणि विद्यापीठाच्या तळघरात सदतीस अंश,
दशांशचिन्हापुढची तीन शून्यंसुद्धा जपायची,
तान्ह्याची झोप जपावी तशी.

पोलादी कुपीत तीन मिलिलिटर गुलाबी पाणी,
त्यात उंदराच्या कातडीतल्या दहा लाख पेशी.
एका वॉटचे अब्ज तुकडे करा,
त्यातल्या एकाचे पुन्हा हजार:
असे तीसेक एकेकीच्या वाट्याला.
त्यावर चहा उकळत नाही.
पण ऊब ती ऊबच,
तारेला कळते,
तार कागदाला सांगते.

शेजारच्या कुपीत तेच पाणी, पेशी नाहीत.
दोघींतला फरक म्हणजे जगणं,
असं काइडो म्हणतो आणि बाहेरून दार ओढून घेतो.
कारण आपण नुसते उभे राहिलो तरी बिघडतं.
माणूस म्हणजे शंभराचा दिवा;
काजवा बघायचा तर आधी तो मालवायला हवा.

तरी रोज रात्री पावणेतीनला
रेघेवर एक उंचवटा.
वीस मिनिटं चढ, मग रेंगाळत उतार.
लेम्बे म्हणाली, पेशी विभागत असतील.
घड्याळ लावून? काइडोनं विचारलं.
शनिवारी दोन्ही कुप्यांत नुसतं पाणी भरलं.
उंचवटा आलाच.

रविवारी लेम्बे कोट घालून जिन्यात बसून राहिली.
आधी बादली वाजली.
मग साल्मे आली, फरशा पुसणारी,
बूट काढले, थर्मासचं झाकण उघडलं,
आणि यंत्राच्या डाव्या अंगाला
पाठ टेकून डोळे मिटले.

"इथली भिंत ऊन असते," ती दचकून म्हणाली,
"घरची लाकडं मार्चपर्यंत पुरवायचीत."

ती ऊब घ्यायला टेकत होती.
यंत्रानं मात्र रोज लिहून ठेवलं होतं
की कुणीतरी ऊब देऊन गेलं.

आता बॉयलरपाशी एक खुर्ची आहे, तिच्यावर घोंगडी.
वहीत नोंद: "पावणेतीन ते तीन-पाच. साल्मे. वजा करावी."
वजा केली. रेघ सरळ झाली,
पेशींचं काय ते नीट दिसू लागलं,
काइडोचा लेख छापूनही आला.

त्या शनिवारची पट्टी तेवढी
लेम्बेनं फेकली नाही. खणात आहे, पिवळी पडत:
दोन्ही कुप्यांत नुसतं पाणी,
आणि पावणेतीनला
कुणीतरी जिवंत.