वहिवाट

ऑल्डरशॉसाहेब मला कुंडा म्हणतात,
बेळगावच्या मिठाईला म्हणावं तसं.
एकोणीस वर्षांत मी त्यांचा 'ड' दुरुस्त केला नाही.
गुरुवारी, साइट सुटल्यावर, त्यांनी टेबलावर ठेवला
चौसष्ट पानांचा अहवाल:
थिसलकोम नावाच्या खेड्यातलं दगडी घर,
दोन खोल्या खाली, दोन वर,
मागे सफरचंदाची तीन झाडं.
म्हणाले, कुंडा, तुला भिंती वाचता येतात. वाच ही.

बाहेर सोहार बेचाळीस अंशांवर.
एसीच्या नळीखाली कुणीतरी लावलेला पुदिना
थेंबाथेंबानं जगत होता.

मी वाचलं.
उत्तरेच्या भिंतीला जमिनीपासून हातभर ओल.
कौलांवर शेवाळ. धुराड्यात पाखरांचं घरटं.
तुळईत किड्यांनी पाडलेली भोकं,
तीही मोजलेली.
'ओल' या शब्दापाशी मी थांबले.
इथे आम्ही टँकरनं पाणी मागवतो,
काँक्रीट तडकू नये म्हणून भिजकी गोणपाटं पांघरतो,
आणि तिकडे एक भिंत
तीनशे वर्षं फुकट पाणी पितेय
तर तिला दोष म्हणतात.

मॉरीनला शांतता आवडते तिथली, साहेब म्हणाले.
एक चर्च, एक पब, आठवड्यातून दोनदा बस.
पोस्ट बंद पडलंय, त्याच्या खिडकीत आता कुणी अंडी ठेवतं,
पैसे डब्यात टाकायचे,
बघायला कुणी नसतं.
मॉरीनबद्दल बोलताना ते अजून वर्तमानकाळ वापरतात.
मार्चमध्ये तिच्या कपड्यांच्या खोक्यांवर
मीच लेबलं लावली होती.

मग पान एक्केचाळीस.
दुसऱ्या झाडाखालून, बागेच्या मधून,
गावाची पायवाट जाते.
अडवता येणार नाही.
फाटक लावता येईल, कुलूप नाही.
ओल त्यांना चालणार होती, किडे चालणार होते,
हे मात्र खटकलं.
माझ्या बागेतून लोकांनी का चालायचं?

वहिवाट, मी म्हणाले.
मराठीतच म्हणाले, शब्द वडिलांचा होता.
चंदगड तालुक्यात ते मोजणीदार,
खांद्यावर साखळी, पिंडरीपर्यंत चिखल.
कुणी बांध कोरला, कुणी वाटेत काटेरी फांदी टाकली,
की दोन्ही पार्ट्यांना सांगायचे:
कागद नंतर काढा, आधी गवत दाखवा.
जिथे ते उगवायचं विसरलंय
तिथून माणसं गेलीत.
साहेबांना हे इंग्रजीत समजवायला निघाले
आणि दाखवायला आसपास गवतच नव्हतं.
पार्किंगकडे उगाच बोट केलं.

त्यांनी घर घेतलं.
कागदांवर साक्षीदार म्हणून माझी सही.
खाली रकाना: कायमचा पत्ता.
पेन थोडा वेळ तसंच धरून
मी पोस्ट बॉक्सचा नंबर लिहिला.

मग नेहमीसारखी चालत घरी.
अश्रफच्या चहाच्या मागून,
बलुची शिंप्याच्या दारावरून,
सालिमकाकांच्या खजुराच्या बागेच्या कडेनं.
ते छातीवर हात ठेवतात, मी मान लववते,
यापलीकडे आमचा करार नाही.
एकोणीस वर्षं, दिवसातून दोनदा.
रेसिडेंट कार्ड दर खेपेला नवं,
त्यावरचा फोटो दर खेपेला जुना.

खाली पाहिलं. वाळू.
दिवसभराची पावलं
वारा रात्रीतून झाडून काढतो.
फक्त जिथे पाट ओलांडायला
मी रोज तोच पाय टाकते,
तिथे सिमेंटच्या काठाचा टवका उडालाय,
टाचेएवढा.

वडील असते तर साखळी खाली ठेवून
वाकले असते,
बोट लावून पाहिलं असतं,
आणि सालिमकाकांना विचारलं असतं,
हे कधीपासून?