फुली

गोठिवलीचा रोहिदास मढवी माझ्या अक्षरात
अकरा संघांकडून खेळला.

मी टेबलावरची. पाणी खात्यातून सुटले की
दोन पेनं घेऊन मैदानावर येते, लाल आणि निळं.
पहिलं क्वार्टर लाल, दुसरं निळं, तिसरं पुन्हा लाल.
कोण कधी चुकलं, ते नंतर शाईवरून कळतं.

पहिल्यांदा नाव लिहिलं तेव्हा तो
रबाळ्याच्या रंग कंपनीकडून होता, नंबर चौदा,
पाठीवर रंगाच्या डब्याचं चित्र.
दिवाळीत कंपनीनं शटर ओढलं,
आणि तो तीच जर्सी उलटी घालून
कोपरीच्या जिमखान्यात चाचणीला उभा.
तिथं नऊ नंबर.
मग एक बँक, मानधनावर, अकरा महिने.
बारावा महिना त्या बँकेला कधी सापडलाच नाही.

मग पाहुणा खेळाडू.
पाहुण्याला आधी पाणी देतात, मग पान वाढतात,
तिसऱ्या दिवशी घड्याळाकडे बघतात.
भिलाई, लुधियाना, कोट्टायमजवळचं कुठलंसं गाव.
तिथं मासा बरा मिळतो, एवढंच सांगायचा.
एकदा तीन महिन्यांची लीगही आली, दिवे, धूर, निवेदक.
निवेदकानं त्याला ‘माधवी’ म्हणून पुकारलं.
शेवटचा चेक परत आला,
तो त्यानं लॅमिनेट करून घेतला.

कागदावरचं सांगते.
खेळाडू मैदानात उतरला की नावापुढे फुली.
सुरुवातीच्या पाचांत असेल तर फुलीभोवती गोल.
मढवी आर.: फुली.
कुणाचा गुडघा गेला, फुली.
कुणाचा चौथा फाउल, कुणाच्या बहिणीची हळद, फुली.
गोल किती वेळा काढला म्हणून
एकदा जुने गठ्ठे घेऊन बसले.
सात.
आठवा असेलही, तो कागद वाळवीनं खाल्ला.

समोरून येणाऱ्या धिप्पाड गड्यापुढे
तो पाय रोवून उभा राहायचा,
धडक छातीवर घ्यायचा, पाठीवर पडायचा.
शिट्टी. फाउल त्या गड्याच्या नावावर.
पडणाऱ्यासाठी कागदात रकाना नाही.
मी शोधलाय.

गेल्या रविवारी ऐरोलीत, शाळांच्या सामन्यांना,
तो टेबलापाशी आला. गुडघ्याला पट्टा,
कानशिलं पांढरी.
‘ताई, लिहायला शिकवा. मॅचमागं तीनशे मिळतात ना?’
मी खुर्ची सरकवली.
बराच वेळ तो नुसते रकाने बघत बसला.
‘आणि हा गोल कसला?’
सांगितलं.
‘अठरा वर्षं मला वाटायचं, तुम्ही मस्टर भरता,’
म्हणाला, आणि असा हसला की
पंचांनी वळून पाहिलं.

मग पलीकडच्या रिंगकडे बोट करून:
‘त्या पोलाखाली आमची खलाटी व्हती.
बाबा तिथनं चिंबोऱ्या काढायचा.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट काकानं इकला.’
थोडं थांबून,
‘घोटाभर चिखलात वाढलो ना,
उडी मला कायम जरा उशिरा आली.’

सामना सुरू झाला. एका हातानं लिहायचं,
दुसऱ्यानं पंचांना बोटं दाखवायची,
त्याला ते जमत होतं, माझ्यापेक्षा बरं.
मध्येच बाकावरनं एक किडकिडीत पोरगा उठला,
सहा नंबर, लेस अर्धी सुटलेली.
रोहिदासनं आधी ओरडून लेस बांधायला लावली,
मग फुली मारली.
पेन तिथंच थांबलं.
‘बदली आहे तो,’ मी म्हटलं.
‘दिसतंय,’ तो म्हणाला.

दुसरं क्वार्टर लागून दोन मिनिटं झाली होती
आणि त्याच्या हातात अजून लालच पेन.
मी निळं पुढे केलं.
खाडाखोड चालत नाही आमच्यात,
फुली लालच राहिली.