पहिलं पाणी

संगणक आधी कार्ड विचारतो.
मुदत संपली असेल
तर पुढचा चौकोन उघडतच नाही,
माणूस समोर उभा असला तरी.

खिमलाल उभा होता. परांची बांधणारा.
सुजलेल्या पायांत बूट शिरेनात,
म्हणून टाचा बाहेर ठेवून आलेला.
कंपनीनं दोन वर्षं कार्ड काढलंच नव्हतं.
रोखीनं किती, त्यानं विचारलं.
मी सांगितलं.
त्यानं खिशात हात घातला
आणि तिथंच ठेवला.

काउंटरवरची जिन्सी म्हणाली, "नेक्स्ट."

मी त्याला मागच्या दारानं आत घेतलं.
शीर सापडता सापडेना.
पाणी पितोस ना रे?
"पितो, दीदी. पण टाकी खाली असते,
आणि आम्ही अकराव्या मजल्यावर."

नळीवर नाव लिहायचं होतं.
मी लिहिलं: नसीमा दाऊद परकार, वय एकेचाळीस.

या वस्तीचं नाव फलज अल कबाइल.
फलज म्हणजे पाट,
आमच्या गुहागरकडे पोफळींना येतो तसा.
एका म्हाताऱ्या ओमानी बाईनं
दंडाला पट्टा बांधताना मला सांगितलं होतं,
वाटण्या खाली, बागांच्या, घटका मोजून;
पण पाट गावात शिरतो तिथलं पहिलं पाणी पिण्याचं.
त्याला मालक नाही.
वाटेनं जाणाऱ्यानंही वाकावं, प्यावं.

रात्री दोनला यंत्रानं आकडा दिला.
क्रिएटिनिन हजाराच्या वर.
शंभराच्या आसपास असावं लागतं.
मी पुन्हा लावून पाहिलं.
यंत्र तेच म्हणालं.

पहाटे माझ्या फोनवर निरोप:
प्रिय नसीमा, तुमचा अहवाल गंभीर आहे.
विलंब न करता डॉक्टरांना भेटा.
आम्हाला तुमची काळजी आहे.

डॉक्टर कुरुविलांनी दार लोटून घेतलं.
माझे घोटे पाहिले.
"पाय तर सुजलेले नाहीत तुझे."
नाहीत, मी म्हटलं.
बाहेर एसीचं पाणी डब्यात टपटपत होतं.
मग त्यांनी सरकारी इस्पितळाच्या नावानं
चिठ्ठी लिहायला घेतली,
आणि रुग्णाच्या नावापाशी थांबून,
मान वर न करता म्हणाले,
"त्याचं सांग."

चिठ्ठी घेऊन तो सोहारच्या बसमध्ये चढला.
तिथला चौकोन उघडला की नाही,
अजून कळलेलं नाही. त्याचा फोन लागत नाही.

या महिन्यात माझे साडेनऊ रियाल कापले.
कारणाच्या रकान्यात लिहिलंय:
स्वतःची तपासणी.