तपासणी विभाग

एकतीस वर्षं मी नोटांमधल्या चुका शोधल्या.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पांढऱ्या दिव्याखाली,
शाई सांडलेली, रेघ सरकलेली, आकडा अर्धाच उमटलेला;
बोट ठेवायचं, खूण करायची: बाद.
म्हणून निवृत्तीनंतर जेल रोडच्या गच्चीवर
रंगाच्या रिकाम्या बादलीत काकडी लावली तेव्हा वाटलं,
हिची चूक दिसायला मला कितीसा वेळ लागणार?

लागला.

आधी नुसतीच फुलं. पिवळी, तरतरीत,
आणि संध्याकाळी गळून फरशीवर.
मी मोजायचे. सतरा. बावीस. एकोणीस.
वहीत लिहिलं, सगळी बाद.
पिंपळगावचा मामेभाऊ रंगनाथ फोनवर म्हणाला,
अगं अक्का, ते नर. आधी तेच येतात, गर्दी करून.
जिच्या मागे इवलीशी काकडी असेल ती मादी.
थांब जरा.

थांबले. आली.
करंगळीच्या नखाएवढी काकडी पाठीशी घेऊन आली
आणि चार दिवसांत टोकाकडून पिवळी पडत
विझलेल्या काडीसारखी वाळली.
तिसऱ्या मजल्यावर मधमाशी येते कुठे!
मग प्रेसचा सकाळचा भोंगा झाला की
मी नर फूल तोडायचे, पाकळ्या सोलायचे,
आणि आतली भुकटी तिच्या मधोमध हलकेच टेकवायचे.
उभ्या जन्मात कुणाचं लग्न जुळवलं नाही मी,
माझंसुद्धा नाही.
हात थरथरला, खोटं कशाला बोलू.

पानांवर पांढरं आलं, टाल्कम पावडर सांडल्यासारखं.
फोटो पाठवला तर रंगनाथ हसत सुटला,
द्राक्षवाल्याला भुरी दाखवतेस?
म्हटलं, तुझ्याकडचं गंधक दे थोडं.
एकदम गंभीर झाला.
या उन्हात मारशील तर पानं भाजतील.
खालची रोगट पानं काढ, वेल दोरीवर चढव, मधून वारा जाऊ दे.
एवढं सांगितलं, आणि स्वतःच्या बागेबद्दल
मी विचारूनही काही बोलला नाही.

एका काकडीवर डिंकाचा थेंब दिसला.
टाचणी टोचावी तेवढं भोक.
चिरली तर आत वळवळ.
फळमाशी एवढ्या बारीक जागी सही करून जाते
आणि माझ्या डोळ्यांतून निसटते, याचा राग जास्त आला.
आता जुन्या ओढणीच्या पिशव्या शिवून
प्रत्येकीला घालते, नाळ सुकली की लगेच.

मे महिन्यात इगतपुरीला गेले, दहा दिवस मौनाला.
पाणी घालायचं काम खालच्या गायकवाडांच्या डॅनियलला.
तिथे शिकवलं, जे येईल ते नुसतं पाहा,
हवं-नको करू नका.
परत आले. मन कसं, गंगापूर धरणाच्या पाण्यासारखं.
काकडी तोडली, देठ कापून घासला, भरपूर फेस काढला,
चावा घेतला,
आणि दहा दिवसांचा पहिला शब्द जो तोंडातून निघाला
तो इथे लिहिण्यासारखा नाही.

डॅनियल दारात उभा. अंगठ्यानं फरशी उकरत.
नऊ दिवस क्रिकेट, मावशी.
दहाव्या दिवशी सगळं पाणी एकदम घातलं.
चिखल होईपर्यंत.
माझ्या वहीत यातलं काही नव्हतं.
वेलीनं मात्र तहान दिवसागणिक मोजून
गरात उतरवून ठेवली होती.

त्याला ओरडले नाही.
त्याच्याच हातात झारी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक,
आणि बादलीत वाळली पानं पसर, माती झाकू दे.

काल निघालेली काकडी विळ्यासारखी वाकडी,
एक बाजू फुगलेली, दुसरी आत गेलेली.
परागकण एकाच बाजूला पोचले असणार. माझाच थरथरता हात.
प्रेसमध्ये असती तर बोट ठेवलं असतं.
डॅनियलनं ती उचलली, कानाला लावली,
हॅलो म्हणाला कुणाला तरी,
आणि अर्धी मला दिली.

मीठ आणायला मी आत गेले.