आकृती तीन

कुपवाड एमआयडीसीत हळद पॉलिशच्या कारखान्याला लागून
वरच्या मजल्यावर मगदूम सरांचं ऑफिस.
पाटी एवढीच : ड्रॉइंग्ज. कसली, ते लिहिलेलं नाही.
रोज सकाळी कीबोर्डवर पिवळी पूड असते.
मी फुंकर मारते आणि सिगारेट काढायला घेते.

हिला जाळ नाही, राख नाही.
एक नळी, नळीत बॅटरी, पुढं तार,
तारेभोवती कापूस, कापसात रस.
श्वास ओढला की तार तापते.
मी तिला उभी चिरून दाखवते,
प्रत्येक भागाला आकडा,
आकड्यापासून भागापर्यंत केसाएवढी वाकडी रेघ.
१०२ म्हणजे कवच, १०४ तार,
१०६ म्हणजे तोंडात धरायचं टोक.
तोंडाला आकडा नसतो.
दाखवायचंच झालं तर तुटक रेघेत.

इथं ही विकायला बंदी आहे.
मी कधी हातात धरलेली नाही.
एकदा विश्रामबागेत एका पोराच्या खिशातून
गुलाबी टोक डोकावलं,
मी मनात म्हटलं, एकशे सहा.

भांडण दोन कंपन्यांचं.
एक समुद्रापलीकडची, दुसरी तिच्याही पलीकडची.
एक म्हणते, तार आडवी ठेवायची अक्कल आमची.
दुसरी म्हणते, आडवी कुठाय, तिरपी आहे,
आणि तिरपी आमची.
बांध कोरावा तसं चाललंय तीन वर्षं,
रोज एक बोट.

एकीचं काम पुण्याहून येतं, दुसरीचं चेन्नईहून.
याचं त्याला कळू नये म्हणून
सरांनी मधे प्लायवूडची भिंत घातली.
अलीकडं मी, पलीकडं तौफिक.
पण तौफिकच्या बहिणीचं लग्न निघालं कवठेमहांकाळला,
मुदत त्याच रात्री संपत होती,
मग पलीकडं पण मीच बसले.

आता कोर्टात पुरावा मांडलाय :
प्रतिवादीची आकृती तीन ही
फिर्यादीच्या आकृती तीनची उघड नक्कल.
पाहा, आकड्यांच्या रेघा सुद्धा तशाच वळतात,
टोकाला तोच आकडेबाज झोक.
तो झोक माझा आहे.
चौथीत बाईंनी छडी मारूनही
माझ्या ज चं शेपूट सरळ झालं नव्हतं.
कोट्यवधी डॉलर त्या शेपटाला लोंबकळतायत.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
कुणाला बोलली नाहीस ना?
नाही सर.

बोलले फक्त आत्तीला, बुधगावात.
पहिल्याच दाव्यात लिहिलेलं
मी तिला मराठीत सांगितलं :
तंबाखू जळू न देता तापवण्याची पद्धत.
सोनाक्का आत्ती पन्नास वर्षं तव्यावर मिसरी भाजत होती.
घरभर ठसका, आम्ही पोरं अंगणात पळायचो,
ती मात्र तव्यावर नाक धरून बसलेली.
काळी होऊ द्यायची, राख न्हाई होऊ द्यायची.
वास फिरला की उतरायचं.
वास कधी फिरतो हे कुठल्याच आकृतीत नाही.

मिरजेच्या ऑपरेशननंतर तिचा डावा गाल आत गेलाय.
शब्द अर्धे सांडतात, अर्धे मला कळतात.
ती हसली, पदर तोंडावर धरून.
म्हणजे माजीच चोरली म्हन की दोगांनी.
मग थोड्या वेळानं, न हसता :
त्यास्नी सांग, हे पन दावा.
आणि गालावर बोट ठेवलं.

सोमवारी सुधारित आकृती मागवली.
मी रेघा फुटपट्टीसारख्या सरळ काढल्या,
झोक कुठंच नाही, सर खूश.
फक्त १०६ च्या पुढं, तुटक रेघेत,
एक तोंड काढलं होतं, डावा गाल बसलेला.

हे कशाला? सर म्हणाले.
दाव्यात नाही ते.

खरंच नव्हतं. मी पुसलं.
फाइल पाठवली, बाही झटकली,
आणि पावणेसहाची बस चुकली
ती चुकलीच.