ओक्ले

ऑक्टोबरच्या उधाणानंतर
एरुंदिना गुडघाभर पाण्यात उभी राहते,
दंताळ्याने ओढते लाल शेवाळ,
पोती भरते, कुरणावर पसरून वाळवते.
आस्तुरियासच्या या किनाऱ्यावर त्याला ओक्ले म्हणतात.
कारखान्यातून त्याची पांढरी पूड होऊन येते,
आपण तिला चायना ग्रास म्हणतो,
दुधात घालून वड्या पाडतो.

ओलाया वड्या पाडते
सांता मारिनाच्या गालासाठी.

चेस्टनटचं लाकूड, उंची साडेतीन फूट,
चेहऱ्यावर तीनशे वर्षांच्या मेणबत्त्या.
पाठीच्या भेगेत कुणा शहाण्याने
एपॉक्सी ओतून ठेवलंय:
लाकूड हललं, ते हललं नाही,
भेग शेजारी सरकली.
ओलाया ते कणाकणाने कोरून काढते
आणि कागदाचा लगदा, चेस्टनटचा भुसा,
असलं काही मऊ भरते,
जे लाकडाबरोबर फुगेल, लाकडाबरोबर आकसेल.
चिकटणाऱ्याने पाहुण्यासारखं राहावं, ती म्हणते,
जा म्हटलं की जावं, भिंत न पाडता.

रंगाचे पापुद्रे सुटलेत, वाळल्या केळीच्या सोपटासारखे.
तिच्या गुरूंच्या काळी त्यासाठी
माशाच्या पिशवीची खळ लागायची.
तो मासा आता नदीत उरलेला नाही.
ही खळही शेवाळाची. पातळ, बिनवासाची.
कुंचला तीन केसांचा.
पापुद्र्याखाली थेंब जातो,
ती श्वास धरते,
पापुद्रा बसतो.

मग जेली.
गालावर ठेवायची, बारा मिनिटं मोजायची, सोलायची.
जेलीच्या पोटात काजळी,
आणि खाली गाल,
उन्हातून आत आलेल्या पोरीसारखा लालसर.

तिसऱ्या आठवड्यात घोळ लागला.
काजळी निघाली तर खाली निळं,
सोन्याच्या वेलबुट्टीवर जाड, चकचकीत, अडाणी निळं.
सुरीने निघालं असतं, महिनाभर लागला असता.
बिशपच्या कचेरीचं पत्र होतंच: मूळ रूप द्यावे.

एरुंदिना पोतं टाकायला आली होती,
दारातूनच म्हणाली,
हा तर आर्खिमिरोच्या बोटीचा.
उरलेला डबा त्याने देवळात दिला होता,
झगा फाटका दिसतो म्हणून.
आर्खिमिरो तिचा भाऊ.
बोट फेब्रुवारीत सापडली,
ती एकटीच.

ओलायाने सुरी खाली ठेवली.
दोघी बराच वेळ बोलल्या नाहीत,
म्हातारीने तेवढ्यात स्टूलवरची धूळ पुसली.

आता पुढून झगा शेंदरी आहे,
वेलबुट्टी सोन्याची,
जिथे रंग नव्हता तिथे डिंकात कालवलेला जलरंग,
बारीक उभ्या रेघांनी, लपवाछपवी न करता.
मागे, काठाला,
चार बोटं निळं आहे.
अहवालात ओलायाने त्याचं माप लिहिलं,
कारणाची जागा रिकामी ठेवली.

वापरलेल्या जेलीची बादली
एरुंदिनाला बटाट्यांसाठी हवी होती.
ओलाया नाही म्हणाली: जुन्या शेंदरात शिसं असतं.
मग न वापरलेली दे.
ती दिली.

जूनमध्ये दारात टोपली होती,
माती न झाडलेली.