हरकत आहे

बँकेतला पोरगा सभ्य होता.
खुर्ची दिली, पाणी विचारलं,
मग स्क्रीन माझ्याकडं न वळवताच
आवाज उतरवून म्हणाला,
"मावशी, तुमचं सिबिल खराब हाय."
घरातलं कुणी अत्यवस्थ असल्यासारखा.

मी शेवयाच्या मशीनसाठी गेले होते.
एक लाख ऐंशी हजार.
अडलं आठशे सत्तेचाळीस रुपयांवर.
इंटरनेटचं बिल, थकीत.
साल बघितलं आणि हसूच फुटलं:
लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते साल.
महिना मे.

मे महिन्यात माझ्या चार खोल्यांत
एका पालीशिवाय कुणी नव्हतं.
एप्रिलातच पोरी गेल्या,
क्लासच्या नोट्स खताच्या पोत्यात भरून,
कुणी अहमदपूरला, कुणी थेट किनवटला.
जाताना ऋतुजानं बाथरूममधली बादली पालथी घातली,
धूळ बसू नये म्हणून.

मग मी ती डबीही परत दिली,
हिरवे दिवे लुकलुकणारी.
कंपनीचं पोरगं आलं होतं, कानात बाळी.
वायर कोपरावर गुंडाळत म्हणालं,
"बंद झालं समजा."
पावतीपुस्तक संपलं होतं त्याचं.
मी म्हणाले, काही हरकत नाही.

काही हरकत नाही.
किती जणांना म्हणाले असेन मी हे.
दोन महिन्यांचं भाडं बुडवून गेलेल्या पोरीच्या बापाला,
सोयरिकीत मला मागच्या रांगेत बसवणाऱ्यांना,
मीटर न बघताच आकडा टाकून जाणाऱ्याला.

आणि आता मोबाईलवर एक निळं बटण:
हरकत नोंदवा.

दाबलं.
कारण निवडा, म्हणालं.
खातं माझं नाही.
माझंच होतं की.
रक्कम चुकीची आहे.
रकमेचं मला काय ठाऊक, महिनाच चुकीचा आहे.
पैसे भरले आहेत.
कशाचे?
खोल्या रिकाम्या होत्या, डबी नेली होती, गावात पाणी नव्हतं,
असं कारण त्या यादीत नाही.

दुपारी कंपनीच्या बाईचा फोन.
गोड आवाज, कुठल्या गावचा कळेना.
पाचशे भरा मॅडम, मिटवून टाकू.
विश्वंभर, माझा भाचा, म्हणाला,
"भरून टाक की मावशे. कामून ताणायलीस पाचशेसाठी?"
पण बँकेतल्या पोरानं आधीच सांगितलं होतं,
मिटवलं की पुढं 'तडजोड' असं लिहून येतं
आणि ते वर्षानुवर्षं पुसत नाही.
न केलेल्या उधारीची तडजोड.
नको.

वही पेटीत सापडली, सतरंजीखाली.
'२२ एप्रिल. डबी नेली. पोराचं नाव गुणवंत.'
माझंच अक्षर, घाईतलं.
आणि त्याच पानावर, वर,
त्या दिवसाचा पाण्याचा हिशेब:
ऋतुजा २, सानिया २,
प्रणिता १ (ताप, आंघोळ नाही),
मी १.

फाईल मोठी होतेय, म्हणाला विश्वंभर,
वरचं कापतो, बादल्यांचं काय काम?
मी त्याचा हात धरला.
राहू दे.
कुठल्यातरी थंड ऑफिसात
कुणीतरी ते पान उघडेल,
बिलाचा पुरावा शोधत बोट खाली आणेल,
तेव्हा वाटेत आधी बादल्या लागू देत.

तिसऱ्या खेपेला चढली एकदाची.
अकरा आकडी नंबर आला.
तीस दिवसांत कळवू.
स्थिती: विचाराधीन.

विश्वंभर म्हणाला, नंबरचा फोटो काढून ठेव.
मी वही घेतली,
आणि त्याच पानावर, खाली जागा होती तिथं,
आजची तारीख टाकून तो उतरवून काढला.
एकेक आकडा, दोनदा तपासून.